शेजारच्या घरातले पाचारण



पास्काकाळातील चौथा रविवार आपण उत्तम मेंढपाळाचा रविवार म्हणून पाळतो. धर्मगुरू, धर्मबंधू आणि धर्मभगिनी यांच्या पाचारणासाठी या दिवशी जगभर प्रार्थना व्हावी, अशी प्रथा पोप सहावे पॉल यांनी १९६४ साली सुरू केली. आपल्या चर्चमध्येही दरवर्षी ही प्रार्थना होते. प्रभूने पिकासाठी कामकरी पाठवावेत, आपल्या धर्मग्रामातून पाठवावेत, असे वाचणारा वाचतो आणि आपण सगळे मोठ्याने प्रतिसाद देतो. आम्ही दोघे नवरा-बायको गेली तीस वर्षे हा प्रतिसाद देत आलो आहोत.

२०२४ साली हा रविवार २१ एप्रिलला होता. त्या रविवारी मात्र आमच्या तोंडून आवाज फुटला नाही. त्याचे कारण आधीच्या शुक्रवारी घडले होते.

आम्ही पंचवटीत राहतो. पंचवटीत राहणाऱ्याला चैत्रातली कामदा एकादशी वेगळी सांगावी लागत नाही. रामनवमीनंतर दोन दिवसांनी काळाराम मंदिरापासून रामरथ आणि गरुडरथ निघतात. उन्हे कलली तरी डांबर तापलेले असते. दारोदार सडा-रांगोळी झालेली असते, गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या असतात. गरुडरथ नदी ओलांडून जुन्या नाशकात जातो, रामरथ मात्र पंचवटीच्या बाजूलाच फिरतो. गरुडरथाची दोरी अहिल्याराम व्यायामशाळेची मुले ओढतात, रामरथाची रास्ते आखाडा तालीम संघाची. रथ थोडा ओढायचा, थांबवायचा, पुन्हा ओढायचा, असे करत रात्र होते.

आपण ख्रिस्ती आहोत, ती पूजा आपली नाही. पण शेजार आपला आहे. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालीच स्पष्ट केले आहे. आमची मुले याच गल्लीत वाढली. आमच्या नाताळात शेजारची मुले करंज्या खायला येतात आणि रथाच्या दिवशी आमचा थोरला मित्रांबरोबर पाणी आणि ताक वाटायला उभा राहतो. दहावीपासून त्याने एक वर्षही चुकवलेले नाही. सातपूरच्या एका कारखान्यात तो इंजिनियर आहे. रात्रपाळी असली तरी त्या दिवशी झोप मोडून तो येतो.

त्या शुक्रवारी रात्री तो घामाने निथळत घरी आला. शर्ट ताकाने भरलेला, आवाज बसलेला, चेहरा मात्र आनंदाने फुललेला. जेवायला बसला आणि म्हणाला, “पप्पा, मम्मी, मला नोकरी सोडून धर्मसंघात जायचंय. दोन वर्षं विचार करतोय. आज सांगून टाकतो.”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. आमच्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते असे : “अरे, ज्याचा जीव रथाच्या गर्दीत एवढा रमतो, त्याचा मठात कसा रमेल?”

हा लेख त्या वाक्याविषयी आहे. कारण ते वाक्य चुकीचे होते, हे समजायला आम्हाला बरेच दिवस लागले.

आनंद आणि पाचारण

आपल्या मनात एक चित्र पक्के बसलेले असते. देवाच्या कामाला जाणारा मुलगा म्हणजे लहानपणापासून गंभीर, कमी बोलणारा, सणासमारंभात कोपऱ्यात बसणारा. जो हसतो, नाचतो, चवीने खातो, मित्रांत रमतो, तो संसाराचा. थोडक्यात, ज्याला जग गोड लागत नाही त्यानेच ते सोडावे, असे आपण धरून चालतो.

पण बायबल उघडून पाहिले तर चित्र निराळे दिसते. पहिल्या राजांच्या पुस्तकात एकोणिसाव्या अध्यायात अलीशाचे पाचारण आहे. तो शेत नांगरत होता. बैलांच्या बारा जोड्या चालल्या होत्या, म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी होते. एलीयाने येऊन आपला झगा त्याच्यावर टाकला. अलीशाने काय केले? आईवडिलांचा निरोप घेण्याची परवानगी मागितली. मग आपली बैलांची जोडी कापली, औताच्या लाकडांवर मांस शिजवले आणि लोकांना जेवू घातले. त्यानंतर तो निघाला. जेवणावळ आधी, जाणे मागून.

संत लूकच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायात जकातदार लेवीचे पाचारण आहे. तो नाक्यावरून उठला, सर्व सोडले, आणि लगेच पुढच्या ओळीत त्याने आपल्या घरी प्रभूला मोठी मेजवानी दिली. सगळे सोडणारा माणूस पंगत वाढतो आहे.

उलट, प्रभूने बोलावले आणि जो आला नाही, तो श्रीमंत तरुण कसा परत गेला? संत मार्क सांगतो, तो दुःखी होऊन गेला. आणि शेतात लपवलेल्या ठेवीचा दाखला आठवा. त्या माणसाने असेल नसेल ते विकले, आणि ते आनंदाने विकले, असे संत मत्तय मुद्दाम नोंदवतो.

त्याग म्हणजे नकोशी वस्तू टाकून देणे नव्हे. घरातली रद्दी आपण देतो तेव्हा त्याला दान म्हणत नाही. ज्याला संसाराची, मित्रांची, सणाची गोडीच नाही, तो काय सोडणार? ज्याला ती गोडी कळली आहे, त्याच्याच हातात देवाला द्यायला काहीतरी आहे. शिवाय असाच माणूस उद्या धर्मगुरू झाल्यावर आपल्या लग्नात मनापासून हसेल आणि आपल्या घरातल्या मयताला मनापासून रडेल. ज्याला जगाचा कंटाळा आहे, त्याच्या हाती जगातल्या माणसांची काळजी सोपवण्यात काय अर्थ?

पण आनंद पुरेसा आहे का?

हे पटले तरी शंका संपली नाही, आणि ती संपू नये असेच आम्हाला वाटते. सणाचा आनंद फसवाही असतो. गर्दीत अंगात वारे भरते आणि माणूस काहीही ठरवतो. दुसरा धोका याच्या उलट आहे. नोकरीत जाच असतो, बढती हुकते, लग्नाचे जमत नाही, आणि मग पांढरा झगा म्हणजे सुटकेची वाट वाटू लागते. असे पळून जाणे म्हणजे पाचारण नव्हे. आम्ही थोरल्याला हे तोंडावर विचारले. कारखान्यात त्याचे बरे चालले नव्हते, हे आम्हाला माहीत होते.

तो रागावला नाही. म्हणाला, “खरंय, त्रास आहे. म्हणूनच दोन वर्षं गप्प राहिलो. त्रास कमी झाला तरी ही ओढ जाते का, ते बघत होतो.”

इथे आम्हाला संत इग्नेशियस लोयोला आठवले. ते तलवारबहाद्दर सरदार होते. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि महिनोन्‌महिने अंथरुणावर पडून राहावे लागले. शौर्यकथा हव्या होत्या, पण घरात होती ती ख्रिस्ताच्या आणि संतांच्या चरित्रांची पुस्तके. पडल्या पडल्या त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. पराक्रमाची, दरबाराची स्वप्ने पाहताना मजा वाटे, पण नंतर मन कोरडे पडे. संतांसारखे जगण्याचा विचार करताना आनंद होई, आणि तो विचार संपला तरी आनंद मागे राही. आनंद दोन्हीकडे होता. फरक होता तो नंतर काय उरते यात. पुढे तेहतिशी गाठलेला हा माणूस बार्सिलोनात लहान मुलांबरोबर बसून लॅटिन शिकला आणि १५३७ साली, चाळिशी उलटून गेल्यावर, धर्मगुरू झाला.

ही कसोटी कुणालाही वापरता येण्यासारखी आहे. रथ गल्लीतून जातो तेव्हा सगळ्यांनाच आनंद होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडूवाला रस्त्यावरची फुले गोळा करत असतो, तेव्हा काय उरले ते पाहावे. आम्ही थोरल्याकडे असे वर्षभर पाहत राहिलो. कारखान्यातला त्रास मधल्या काळात मिटला, पगार वाढला, दुसऱ्या विभागात चांगले वरिष्ठ मिळाले. ओढ तशीच राहिली.

पंगतीत कोण बसते?

दुसरी कसोटी आम्हाला या रथानेच शिकवली, पण तिची आठवण सुखाची नाही.

२ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड त्यात आघाडीवर होते. मागणी एवढीच की, मंदिराचे दार आम्हालाही उघडा. दार उघडले नाही. त्याच वर्षी ९ एप्रिलला, रथाच्या दिवशी, रथ ओढण्याच्या हक्कावरून झटापट आणि दगडफेक झाली. सत्याग्रह जवळजवळ पाच वर्षे चालला. शेवटी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली.

आपल्या धर्मप्रांतातल्या कितीतरी घरांचे मूळ ज्या वस्त्यांत आहे, त्या वस्त्यांना ही गोष्ट पुस्तकातून शिकावी लागली नाही. आमच्या घरातली वडीलधारी मंडळी रथाला जात नसत. का, ते कधी बोलत नसत. आज आमचा मुलगा तिथे ताक वाटतो आणि कुणी त्याची जात विचारत नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. पण ती आपोआप झालेली नाही. कुणीतरी बंद दारापुढे उन्हात बसले होते.

सण तोच, रथ तोच, आनंदही तोच. पण ज्या आनंदाला दार लावून घ्यावे लागते, तो आनंद अर्धा असतो. लेवीच्या मेजवानीवर परूश्यांचा आक्षेप काय होता? जेवणावर नव्हता. पंगतीत कोण बसले आहे, यावर होता. प्रभूने ती पंगत मोडली नाही.

तेव्हा पाचारणाला आनंदाची कसोटी लावताना हेही विचारायला हवे, की या आनंदात आणखी कोणाला जागा आहे? कुणाला वाटते, आपण झगा घातला की मान मिळेल, पहिल्या रांगेत खुर्ची मिळेल. आपल्या चर्चमध्येही अशा खुर्च्या आहेत आणि आपल्यातही जातीची उंचनीच अजून शिल्लक आहे, हे आपण प्रामाणिकपणे मान्य करावे. धर्मगुरू होऊन एखादे बंद दार उघडले जाणार असेल, तर ते पाचारण. नुसते आपल्यापुरते दार उघडणार असेल, तर ती बढती.

किंमत कोण देते?

तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड, कारण तो आमच्याच घराचा होता. पाचारण एकाला येते, किंमत मात्र घर देते.

या बाबतीत नाशिकच्या मातीतलेच एक उदाहरण आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्या पंथाचे नव्हते, पण मराठी ख्रिस्ती माणसाला ते परके नाहीत. त्यांचे तरुणपणीचे शिक्षण नाशकात झाले आणि सासुरवाडी इथून जवळच, गोदाकाठच्या जलालपूरची. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंना विश्वासात घेऊन, त्यांचा हात धरून ते गेले नाहीत. त्या माउलीवर आभाळ कोसळले. काही वर्षे त्या पतीपासून दूर, नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या. पुढे त्या पतीकडे परतल्या, स्वतः विचार करून ख्रिस्ती झाल्या, आणि टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पूर्ण केले. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४पासून प्रसिद्ध होऊ लागली. आजही ते पुस्तक वाचताना हसू आणि रडू एकदम येते.

टिळक १९०४ साली दीक्षित पाळक झाले आणि १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, मिशनचा पगारही सोडून ख्रिस्ती संन्यासी म्हणून निघाले. त्यांचे पाचारण खरे होते, यात आम्हाला शंका नाही. पण खऱ्या पाचारणानेही घरातल्या माणसाला जखम होऊ शकते, हेही तितकेच खरे आहे. देवाचे बोलावणे आहे म्हणून मागे राहणाऱ्याचे रडणे खोटे ठरत नाही.

आमच्या घरी जखमेचे नाव होते घराचे कर्ज. आम्ही राहतो तो फ्लॅट थोरल्याच्या पगारावर घेतलेला. धाकटीचे शिक्षण चालू. तो गेला तर हप्ते कोण भरणार? हे बोलायला आम्हाला लाज वाटत होती. देव मुलगा मागतो आहे आणि आपण बँकेचे पासबुक पुढे करतो आहोत, असे वाटत होते. शेवटी आम्ही फादरांकडे गेलो. त्यांनी सांगितलेले ऐकून जीव हलका झाला. चर्चच्या १९८३च्या कायद्याच्या संहितेतच आहे की, ज्याच्यावर न फेडता येण्यासारखे कर्ज आहे त्याला धर्मसंघाच्या नवशिक्षणात घेऊ नये. म्हणजे हप्त्याचा प्रश्न हा काही अविश्वास नव्हे. चर्चही तो विचारते. त्याच संहितेत आणखी दोन गोष्टी आहेत. प्रौढ वयात पाचारण जाणवणाऱ्यांना विचारपूर्वक साहाय्य करावे, अशी एक. आणि आपली जीवनवाट निवडताना कुणावरही जबरदस्ती होऊ नये, अशी दुसरी. ही दुसरी गोष्ट सांगताना फादरांनी आमच्याकडे जरा जास्त वेळ पाहिले.

थोरल्याने मग स्वतःच हिशेब मांडला. गाडी विकली, ओव्हरटाइम घेतला, आणि कर्ज फिटल्याशिवाय निघायचे नाही असे ठरवले. एव्हाना बहुतेक फिटले आहे. अलीशाने आईवडिलांचा निरोप मागितला होता. हा त्याचा निरोप मागण्याचा प्रकार, असे आम्ही समजतो.

आमच्या प्रार्थनेचा खोटेपणा

या सगळ्यात एक गोष्ट आम्हाला आमच्याविषयी कळली. शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरात, असे आपल्याकडे म्हणतात. आमची तीस वर्षांची प्रार्थना तशीच होती. प्रभो, कामकरी पाठव, पण ते आमच्या बिल्डिंगमधले नसावेत. धर्मगुरू वेळेवर यावा, प्रवचन छोटे आणि चांगले करावे, आजाऱ्याला रात्री-बेरात्री भेटावे, पण त्याची आई दुसरी कुणी असावी.

सगळ्यांनीच घर सोडावे, असे आम्ही म्हणत नाही. देवाची सेवा करण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. आपल्या मिशनच्या खेड्यापाड्यांत श्रद्धा टिकवली ती गावोगावच्या मास्तरांनी, आणि ते बायका-मुलांचे संसारी होते. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली धर्मशिक्षकाच्या कामाला चर्चमधील रीतसर सेवापदाचा दर्जा दिला. मुंबई महाधर्मप्रांतात विवाहित डीकन आहेत. चाळिशी-पन्नाशीत ज्यांना काहीतरी टोचत असते, त्यांनी ते टोचणे वय झाले म्हणून गप्प बसवू नये. एखाद्याचा गरुडरथ नदी ओलांडतो, एखाद्याचा रामरथ अलीकडेच फिरतो. दोन्ही ओढायला माणसे लागतात.

शेवटी त्या रात्रीचीच एक गोष्ट सांगून थांबतो. रथयात्रेत मानाचे बुवा रथापुढे चालतात ते उलट्या पावलांनी. तोंड देवाकडे, पाठ रस्त्याकडे, हात जोडलेले. आम्ही त्या रात्री थोरल्याला म्हणालो होतो, “तुझं आता त्या बुवांसारखं होणार. कुठं चाललास ते दिसणार नाही. पडशील.”

तो म्हणाला, “ते कधी पडलेले पाहिलेत? आजूबाजूचे लोक रस्ता बघत असतात ना. खड्डा आला की सांगतात.”

तेव्हा आम्हाला उत्तर सुचले नाही. आता वाटते, आईवडिलांचे आणि धर्मग्रामाचे काम नेमके तेच आहे. ज्याचे डोळे देवाकडे लागले आहेत, त्याला मागे ओढायचे नाही आणि ढकलायचेही नाही. खड्डा आला की सांगायचे. कर्जाचा खड्डा, मानाचा खड्डा, पळवाटेचा खड्डा. आणि त्याच्याबरोबर चालायचे.

यंदाच्या उत्तम मेंढपाळाच्या रविवारी ती प्रार्थना पुन्हा वाचली जाईल. आम्ही प्रतिसाद देणार आहोत. आवाज थोडा कापेल, पण या वेळी तो आमच्या घराचा असेल. बंधुभगिनींनो, प्रतिसाद देताना तुमच्याही मनात एकदा तुमच्या घराचा पत्ता येऊ द्या, एवढीच विनंती.